न आजमावलेला रनिंग बॅक घ्यावा का, आणि घ्यायचाच तर कितव्या नंबरवर

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: फँटसी फुटबॉल, म्हणजे एनएफएल या अमेरिकन फुटबॉल लीगमधले खरे खेळाडू आपसांत वाटून घ्यायचे आणि त्यांच्या खेळावर गुण मिळवायचे. बारा जणांची लीग, हाफ पीपीआर (प्रत्येक झेलाला अर्धा गुण), स्नेक ड्राफ्ट (खेळाडू निवडायचा क्रम दर फेरीला उलटतो), तुमचा नंबर नववा. तिसऱ्या फेरीत दोन नावांपैकी एक निवडायची वेळ येईल असं तुम्हाला वाटतंय. एक आहे गेली तीन वर्षं नेमाने खेळणारा वाइड रिसीव्हर (पास झेलणारा), फार चमकत नाही पण बुडवतही नाही. दुसरा आहे दुसऱ्या वर्षाचा रनिंग बॅक (चेंडू घेऊन धावणारा). गेल्या सीझनच्या शेवटी काही सामने बरा धावला, त्याच्या पुढचा मुख्य बॅक आता टीम सोडून गेलाय, आणि ऑगस्टभर जो तो त्याचंच नाव घेतोय. तर घ्यावा का?

तिसऱ्या फेरीत नको. पाचव्यात हाती लागला तर दुसरा विचार न करता घ्या. चौथ्या फेरीचं गणित जरा वेगळं आहे, त्याकडे शेवटी येतो.

अशा खेळाडूवर वाद घालताना लोक त्याच्या पायांबद्दल बोलतात. किती चपळ आहे, कॉलेजात किती यार्ड काढले, चाळीस यार्ड किती सेकंदांत पळाला. एनएफएलपर्यंत पोचलेला प्रत्येक रनिंग बॅक चपळ असतो, त्यामुळे मला त्यात फारसा रस नसतो. मी दोन गोष्टी बघतो. त्या टीममध्ये चेंडू घेऊन पळायचं काम खरोखर कोणाच्या नावावर आहे, आणि ड्राफ्टमध्ये त्या खेळाडूचा भाव काय लागलाय, म्हणजे लोक त्याला कितव्या फेरीत घेतायत. जोखीम असते ती या दोन गोष्टींत.

तुमच्या खेळाडूसारखं सगळ्यात जवळचं उदाहरण माँटी बॉलचं आहे. डेन्व्हरने त्याला २०१३ मध्ये एनएफएलच्या ड्राफ्टमध्ये दुसऱ्या फेरीत घेतलं. पहिल्या वर्षी तो नोशॉन मोरेनोच्या मागे होता, ५५९ यार्ड काढले, चार टचडाउन (चेंडू समोरच्यांच्या रेषेपार नेणं) केले. त्याच सीझनमध्ये डेन्व्हरचा क्वार्टरबॅक (पास फेकणारा) पेटन मॅनिंगने ५५ टचडाउन पास फेकून विक्रम केला होता. २०१४ च्या वसंतात मोरेनो मायामीला गेला आणि सगळ्यांनी एकच हिशोब केला: मॅनिंगच्या मागे जो उभा राहील त्याला टचडाउन आयतेच मिळतील. फँटसीत बॉलचा भाव पहिल्या-दुसऱ्या फेरीत जाऊन पोचला. ऑगस्टमध्ये त्याचं अपेंडिक्सचं ऑपरेशन झालं तरी भाव फारसा उतरला नाही. पाचव्या आठवड्यात जांघेचा स्नायू दुखावला. सीझनअखेर त्याच्या नावावर ५५ कॅरी (चेंडू घेऊन धावण्याच्या खेपा), १७२ यार्ड आणि एक टचडाउन.

लोकांचा हिशोब मात्र चुकलेला नव्हता. मॅनिंगच्या मागे उभा राहणाऱ्याला खरंच भरपूर मिळालं, फक्त तो उभा राहणारा सी. जे. अँडरसन निघाला. २०१३ मध्ये त्याला एनएफएलच्या एकाही टीमने ड्राफ्ट केलं नव्हतं, आणि २०१४ मध्ये त्याने ८४९ यार्ड आणि धावून आठ टचडाउन केले. काम होतंच, पण ते बॉलच्या नावावर पक्कं झालेलं नव्हतं. त्याला ते मोरेनो गेल्यामुळे मिळालं होतं, आणि ते त्याने मैदानावर मिळवून दाखवायच्या आधीच लोकांनी त्याचा पूर्ण भाव मोजला.

असंच अलीकडचं उदाहरण झमीर व्हाइटचं. जोश जेकब्स जखमी असताना २०२३ च्या शेवटच्या चार सामन्यांत रेडर्सकडून तो चारशेच्या आसपास यार्ड धावला. जेकब्स ग्रीन बेला गेला, व्हाइट मुख्य बॅक झाला, मधल्या फेऱ्यांत लोकांनी त्याला विश्वासाने उचललं. २०२४ मध्ये तो सीझनभरात धावून १८३ यार्ड. शेवटच्या चार सामन्यांवर भाव ठरवणं धोक्याचं असतं. डिसेंबरात बऱ्याच टीम प्लेऑफच्या शर्यतीतून बाहेर पडलेल्या असतात, डिफेन्स थकलेले असतात, आणि जखमी खेळाडूच्या जागी आलेल्याला कोच नाइलाजाने सगळं काम देतो.

मग वारसाने काम मिळालेला कोणी चालतच नाही का? चालतो की. डेव्हिड जॉन्सन घ्या. ॲरिझोनाने २०१५ मध्ये त्याला तिसऱ्या फेरीत घेतलं. ख्रिस जॉन्सन जखमी झाल्यावर डिसेंबरात तो मुख्य बॅक म्हणून खेळायला लागला आणि फिलाडेल्फियात एका रात्रीत १८७ यार्ड आणि तीन टचडाउन करून बसला. पुढच्या वर्षी त्याला फँटसीत पहिल्या फेरीचा भाव लागला, आणि त्याने तो फेडला: २०१६ मध्ये धावून आणि झेलून मिळून २,११८ यार्ड, २० टचडाउन. तोही डिसेंबरचाच हिरो होता. फरक असा की पहिल्या वर्षी, कमी वेळ खेळूनही, त्याने ३६ झेल घेतले होते. म्हणजे टीम मागे पडली, पासच पास सुरू झाले, तरी त्याला मैदानाबाहेर काढायची गरज नव्हती. बॉलने पहिल्या वर्षी २० झेल घेतले होते.

तुमच्या खेळाडूचे झेल आधी मोजा. हाफ पीपीआरमध्ये झेलाला अर्धा गुण मिळतो म्हणूनच हे सांगतोय असं नाही. कोच थर्ड डाउनला (दहा यार्ड काढायच्या चारपैकी तिसऱ्या प्रयत्नाला, जिथे बहुधा पास असतो) कोणावर विश्वास टाकतो ते झेलांवरून कळतं. नव्या रनिंग बॅकला बेंचवर बसवण्याचं सगळ्यात नेहमीचं कारण पास प्रोटेक्शन असतं. ब्लिट्झ (क्वार्टरबॅकवर जादा माणसांचा हल्ला) कुठून येतोय ते ओळखून क्वार्टरबॅकच्या अंगावर येणाऱ्या लाइनबॅकरला अडवता आलं नाही, तर कितीही सुसाट पळणारा पोरगा असू दे, कोच त्याला तिथे उभा करणार नाही. साहजिक आहे, क्वार्टरबॅकवर टीमने कोट्यवधी डॉलर लावलेले असतात.

आता भाव. २०२० ची दोन नावं शेजारी ठेवली की हा मुद्दा लगेच कळतो. क्लाइड एडवर्ड्स-हिलेअरला कॅन्सस सिटीने पहिल्या फेरीत, बत्तिसावा घेतला. जुलैत डेमियन विल्यम्सने कोविडमुळे सीझन सोडला आणि एडवर्ड्स-हिलेअर फँटसीत थेट पहिल्या फेरीत गेला. तेव्हा त्याने एनएफएलमध्ये एकही सामना खेळलेला नव्हता, आणि त्या वर्षी प्रीसीझनचे (सीझनआधीचे सराव) सामनेही झाले नाहीत. पहिल्याच सामन्यात ह्यूस्टनविरुद्ध १३८ यार्ड काढून त्याने सगळ्यांना खूश केलं. ऑक्टोबरात टीमने लेव्हियॉन बेलला आणून शेजारी बसवलं. शेवटी १३ सामने, धावून ८०३ यार्ड, ३६ झेल, झेलून २९७ यार्ड, पाच टचडाउन. तुमच्या लीगच्या नियमांनी मोजा, दहा यार्डांना एक गुण, टचडाउनला सहा, झेलाला अर्धा: १५८ गुण. सामन्यामागे बारा.

त्याच वर्षी ३१ ऑगस्टला जॅक्सनव्हिलने लेनर्ड फोर्नेटला सोडून दिलं. त्याच्या जागी जेम्स रॉबिन्सन आला, इलिनॉय स्टेटचा, कोणीही ड्राफ्ट न केलेला. १४ सामने, धावून १,०७० यार्ड, ४९ झेल, झेलून ३४४ यार्ड, दहा टचडाउन. फंबल (हातातून चेंडू सुटणं) सोडून सुमारे २२५ गुण, सामन्यामागे सोळा. बहुतेक लीगमध्ये तो शेवटच्या फेरीत नाहीतर वेव्हरवर (कोणीच न घेतलेल्या खेळाडूंच्या यादीत) फुकटात मिळाला.

सामन्यामागे बारा गुण म्हणजे एडवर्ड्स-हिलेअर काही वाईट खेळला नाही. सहाव्या फेरीत घेतला असता तर त्याच्या मालकाची कुरकूर नसती. दोघंही सारखेच न आजमावलेले, पण एकाचा जो काही चांगलेपणा होता तो ड्राफ्टच्या दिवशीच भावात पूर्ण मोजून दिलेला होता, आणि दुसऱ्यात मोजण्यासारखं काही आहे हेच कोणाला माहीत नव्हतं.

कागदावर मांडून बघू. हे आकडे माझ्या अंदाजाचे आहेत, तुम्ही तुमचे घाला. रिसीव्हर सामन्यामागे १३ गुण देईल असं धरा, दुखापतीचा धोका त्यातून वजा करून. तुमचा रनिंग बॅक दहापैकी तीन वेळा जोरात चालेल आणि १७ देईल, तीन वेळा ठीकठाक चालून १२ देईल, आणि चार वेळा फसून ५ वर येईल. सरासरी काढली तर १०.७. पण फसलेल्या खेळाडूला तुम्ही सीझनभर खेळवत बसणार नाही, वेव्हरवरून दुसरा उचलाल. बारा जणांच्या लीगमध्ये तो दुसरा आठेक गुण देतो, म्हणजे ५ च्या जागी ८ धरा. सरासरी ११.९ होते. १३ पेक्षा अजून कमीच. आता लीग दहा जणांची असती तर? वेव्हरवर जास्त चांगला माल शिल्लक असतो, ८ च्या जागी १० धरा. सरासरी १२.७, जवळजवळ बरोबरी. चौदा जणांच्या लीगमध्ये उलट, वेव्हरवर धूळच असते, तिथे असा जुगार आणखी महाग. म्हणून कोणी दहा जणांच्या लीगचा अनुभव सांगून ‘मी तर घेतला आणि जिंकलो’ म्हणाला तर तो खोटं बोलत नाही, पण त्याचं गणित तुमच्या लीगला लागू पडत नाही.

या हिशोबात एक गोष्ट येत नाही. फसलाय हे कळायला वेळ लागतो. पहिल्या आठवड्यात सहा कॅरी, दुसऱ्यात नऊ, कोच म्हणतो हळूहळू वाढवतोय, तुम्ही तिसऱ्या फेरीचा माल म्हणून खेळवत राहता, आणि महिनाभरात एक विजय, तीन पराभव होऊन बसता. सातव्या फेरीत घेतलेल्याला दुसऱ्याच आठवड्यात बेंचवर टाकताना हात थरथरत नाही.

वेळ लागण्याची दुसरी बाजूही आहे. रूकी (पहिल्या वर्षाचे) बॅक बहुधा सीझनच्या उत्तरार्धात वर येतात. जोनाथन टेलरचं २०२० आठवा. मुख्य बॅक मार्लन मॅकची अकिलीस (टाचेची शीर) पहिल्याच सामन्यात फाटली, सगळं काम टेलरकडे येणार असं वाटलं, पण नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत त्याचे मालक वैतागले होते. मग तो सुटला तो सुटलाच, शेवटच्या सामन्यात २५३ यार्ड. (तोवर फँटसीची फायनल संपलेली होती, ते एक दुर्दैव.) पुढच्या वर्षी १,८११ यार्ड धावून तो लीगमध्ये पहिला. २०२३ मध्ये बिजान रॉबिन्सन तर एनएफएलच्याच ड्राफ्टमध्ये आठवा गेलेला, सगळ्यांच्या मते पिढीत एकदा येणारा. त्यालाही अटलांटाने २१४ कॅरी दिल्या आणि टायलर ऑलजीअरला १८६. खरा बिजान २०२४ मध्ये दिसला, १,४५६ यार्डांसह. तेव्हा रूकी आवडतच असेल तर ऑगस्टपेक्षा ऑक्टोबरात, चिडलेल्या मालकाकडून ट्रेडमध्ये घेणं स्वस्त पडतं.

तुमचा खेळाडू रूकी नाही, त्यामुळे त्याला ही सवलत थोडी कमीच मिळेल. दुसऱ्या वर्षी कोचचा धीर लवकर सुटतो.

एनएफएलच्या टीमने त्याला कितव्या फेरीत घेतलं होतं हेही लोक फार धरून बसतात. त्यात तथ्य आहे, पहिल्या फेरीचा पिक खर्च केलेल्या खेळाडूला संधी जास्त वेळा मिळते. पण सिएटलने २०१८ मध्ये रशाद पेनीला पहिल्या फेरीत घेऊनही त्या वर्षी १,१५१ यार्ड धावला तो ख्रिस कार्सन, आदल्या वर्षीचा सातव्या फेरीचा. त्याच वर्षी डेन्व्हरने तिसऱ्या फेरीत रॉइस फ्रीमनला घेतलं, आणि १,०३७ यार्ड काढून ‘प्रो बोल’ या निवडक खेळाडूंच्या सामन्यात पोचला तो फिलिप लिंडसे, ज्याला कोणी घेतलंच नव्हतं. कॅम्पमध्ये दुसरा कोण आहे हे न बघता पहिल्याचा भाव ठरवता येत नाही.

प्रीसीझन बघताना काय बघायचं? स्कोअर आणि यार्ड तर अजिबात नाही. मुख्य क्वार्टरबॅक मैदानात असताना शेजारी कोण उभा आहे ते बघा, म्हणजे तुम्हाला पहिल्या दोन-तीन ड्राइव्हच (चेंडू आपल्याकडे असतानाच्या सलग खेळ्या) पुरतात. थर्ड डाउनला तोच राहतो की बाहेर जातो? हाफ संपायला दोन मिनिटं असताना कोण असतो? गोल लाइनपासून तीन यार्डांवर चेंडू कोणाच्या हातात देतात? तुमचा खेळाडू पहिल्या ड्राइव्हमध्ये सलग आठ स्नॅप (खेळ्या) खेळला आणि नंतर टोपी घालून बाजूला उभा राहिला, तर त्याचे चौदा यार्ड झाले असले तरी मला आनंद होतो. टीम त्याला मुख्य मानून जपतेय. तिसऱ्या क्वार्टरमध्ये राखीव पोरांसोबत खेळून नव्वद यार्ड काढले, तर बातम्या छान येतील, पण टीमच्या लेखी तो अजून परीक्षेतच आहे. ऑगस्टच्या बातम्यांमधलं ‘कॅम्पमध्ये धमाल करतोय’ हे वाक्य तर दरवर्षी बत्तीसच्या बत्तीस टीमबद्दल छापून येतं.

ड्राफ्ट शक्य तितका उशिरा ठेवा, हे मी दरवर्षी सांगतो. २०१७ मध्ये कॅन्सस सिटीचा स्पेन्सर वेअर प्रीसीझनच्या तिसऱ्या सामन्यात, ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात, गुडघा मोडून बसला. करीम हंट, तिसऱ्या फेरीचा रूकी, मधल्या फेऱ्यांतून एकदम वर आला. सीझनच्या पहिल्या सामन्यात न्यू इंग्लंडमध्ये पहिल्याच कॅरीवर त्याने चेंडू सोडला. कॉलेजात क्वचितच चेंडू सोडणारा पोरगा. दुसऱ्या एखाद्या कोचने त्याला तिथेच बसवला असता. अँडी रीडने पुन्हा चेंडू दिला, आणि रात्र संपेपर्यंत धावून १४८, झेलून ९८ यार्ड आणि तीन टचडाउन झाले होते. सीझनअखेर १,३२७ यार्डांसह तो लीगमध्ये पहिला. ऑगस्टच्या मध्यात ड्राफ्ट उरकलेल्या लीगमध्ये कोणीतरी त्याला बेंचवरचा खेळाडू म्हणून घेतलं होतं. त्या माणसाला नशिबाने साथ दिली, आणि तिथेच पाचव्या फेरीत वेअर घेणाऱ्याचं वर्ष गेलं.

आजमावलेला खेळाडू मात्र सुरक्षित असतो असंही समजू नका. ट्रेंट रिचर्डसन २०१२ मध्ये क्लीव्हलंडचा रूकी होता, तिसरा पिक. कॅरीमागे फक्त ३.६ यार्ड, पण चेंडू सतत त्याच्याच हातात, त्यामुळे ९५० यार्ड, ५१ झेल आणि १२ टचडाउन झाले. २०१३ मध्ये लोकांनी तो पहिल्या फेरीत घेतला, आता खात्रीचा म्हणून. सप्टेंबरात क्लीव्हलंडने त्याला पहिल्या फेरीच्या पिकच्या बदल्यात इंडियानापोलिसला देऊन टाकलं, आणि तिथे त्याला कॅरीमागे तीन यार्डही निघेनात. भरवशाच्या म्हशीला टोणगा. त्याच्या ३.६ कडे २०१२ मध्येच बघणाऱ्यांनी हात आखडता घेतला होता.

आठव्या-नवव्या फेरीनंतर मात्र सगळं उलटतं. तिथे आठवड्याला आठ गुण देणारा तिशीतला बॅक घेऊन बेंच भरणं म्हणजे जागा वाया घालवणं, कारण तेवढं वेव्हरवर केव्हाही मिळतं. तिथे मी फक्त न आजमावलेले घेतो, तेही असे की ज्यांच्या पुढचा माणूस गेला तर सगळं काम यांचंच. २०१७ मध्ये अल्विन कमारा मार्क इन्ग्रम आणि एड्रियन पीटरसन या दोघांच्या मागे होता. ऑक्टोबरात पीटरसन ॲरिझोनाला गेला, कमाराने ८१ झेल आणि १४ टचडाउन केले. ज्यांनी त्याला बेंचवर तोवर सांभाळला त्यांना तो जवळजवळ फुकट पडला. फसला असता तर एका क्लिकमध्ये सोडून दिला असता. आणि स्वतःच्याच मुख्य बॅकचा हँडकफ (त्याच्याच टीममधला राखीव बॅक) घेण्यापेक्षा दुसऱ्याच्या बॅकचा राखीव खेळाडू घ्या. तुमचा माणूस पडला तर हँडकफने तुम्ही जेमतेम होता तिथेच राहता, दुसऱ्याचा पडला तर तुमची टीम वाढते.

ड्रीम इलेव्हनच्या सवयीने येणाऱ्यांना इथे एक अडचण होते. तिथे रोज नवी टीम, चूक एका सामन्यापुरती. इथे खेळाडू एकाच मालकाचा, आणि घेतला की तो तुमच्या गळ्यात. पुण्यात बसून भावंडांच्या लीगमध्ये खेळणाऱ्यांना आणखी एक: रविवारच्या पहिल्या सामन्यांच्या इनॅक्टिव्ह (न खेळणाऱ्यांच्या) याद्या दीड तास आधी येतात, म्हणजे सप्टेंबर-ऑक्टोबरात तुमच्याकडे रात्री नऊला, अमेरिकेत घड्याळं बदलल्यावर दहाला. दुखापतीतून सावरत असलेला बॅक घेणार असाल तर तेवढं जागरण धरून चाला.

आता तुमच्या ड्राफ्टकडे. नवव्या जागेवरून तुमचे नंबर ९, १६, ३३, ४०, ५७, ६४ असे येतात. ३३ ला रिसीव्हर घ्या. ३३ आणि ४० च्या मध्ये फक्त सहा पिक आहेत, आणि ते तिघांचेच: दहावा, अकरावा आणि बारावा, प्रत्येकी दोन. तिघांचे रोस्टर (घेतलेले खेळाडू) पहिल्या दोन फेऱ्यांनंतर उघडून बघा. दोघांकडे आधीच दोन-दोन रनिंग बॅक असतील तर तुमचा माणूस ४० पर्यंत टिकायची शक्यता चांगली आहे. तेव्हा ठरवा. तुमच्याकडे एक भक्कम बॅक असेल, आणि याचे झेल, थर्ड डाउन आणि गोल लाइन या तिन्हींपैकी दोन तरी प्रीसीझनमध्ये याच्याकडे दिसले असतील, तर ४० ला घ्यायला माझी हरकत नाही. एकच दिसलं असेल तर ४० लाही सोडा, ५७ पर्यंत थांबा, गेला तर जाऊ दे. ड्राफ्ट अजून ठरला नसेल तर लीग चालवणाऱ्या कमिशनरच्या मागे लागून तो लेबर डेच्या (सप्टेंबरचा पहिला सोमवार) वीकएंडला घ्यायला लावा.